सुरू कुणी करायचं, अक्का?

अक्का, तू हरलीस आणि मला साधं कळवलंही नाहीस.

इतकी वर्षं माझ्याशी भांडलीस. चहा गार होईपर्यंत भांडलीस, रिक्षात भांडलीस, तुझ्या चुलतबहिणीच्या लग्नात पंगतीला शेजारी बसून भांडलीस आणि वाढपी बिचारा भाताची परात घेऊन ताटकळला. एकदाही मागे सरली नाहीस. आणि जाता जाता गुपचूप माझं म्हणणं मान्य करून गेलीस. मला ते कळलं तुझे दिवस झाल्यावर, शेठच्या टॉवेलच्या कारखान्यात, मागांच्या खडखडाटात. भांडण जिंकल्यावर माणूस खूश होतो म्हणतात. मला तुझा इतका राग आला की त्यानंतर तुझ्या घरी गेले तेव्हा तुझ्या फोटोपुढे हातसुद्धा जोडले नाहीत. तुझ्या अम्मानं ते बघितलं.

आपलं भांडण कुणाला सांगायला जावं तर लोक हसतील. अशोक चौकाजवळच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात दोन बायका, आणि वर्षानुवर्षं वाद एकच: प्रोग्रॅमच्या पोटातला सर्व्हर सुरू कुणी करायचा. नवरा, सासू, पगार, कशावरून म्हणून भांडलो नाही. भांडलो ते यावरून.

मी सांगोल्याची. घरी डाळिंबाची बाग, चार शेळ्या आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं. कंप्युटरची पदवी घेऊन तुझ्या हाताखाली आले तेव्हा चालता माग मी पाहिलेलाही नव्हता, आणि काम तर सगळं पॉवरलूमवाल्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचं. पहिल्याच दिवशी तू स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणालीस, "हे डिपेन्डन्सी इंजेक्शन." मला दवाखानाच आठवला. माझं तोंड बघून तू खुर्ची माझ्याकडे वळवलीस.

"माग सूत आणायला बाजारात जातंय का गं?"

"नाही."

"मग उभ्या सुताचा बीम कोण चढवतंय? आडव्या सुताच्या कांड्या कोण भरून देतंय?"

"माणसं."

"तसंच हाय की हे. प्रोग्रॅमचा एकेक भाग हात पुढं करून उभा ऱ्हातो. मला हे पायजे, मला ते पायजे म्हणतो. आणून द्यायचं, जोडून द्यायचं काम फ्रेमवर्कचं. भागानं उठून कुटं जायचं न्हाई."

मला एकदम कळलं. कॉलेजात चार वर्षांत जे कुणी सांगितलं नव्हतं ते तू कांड्यांवर सांगितलंस. मी उत्साहानं विचारलं, "आणि सगळं जोडलं की आपोआप चालू होतं?"

"न्हाई," म्हणालीस. "जोडणं येगळं, चालू करणं येगळं."

त्या दिवशी आपलं जे वाजलं ते वाजतच राहिलं.

माझं म्हणणं साधं होतं आणि ते अजूनही मूर्खपणाचं आहे असं मला वाटत नाही. पूर्वी सर्व्हर म्हणजे वेगळं बिऱ्हाड. आपला प्रोग्रॅम त्याच्या घरात भाडेकरू म्हणून राहायला जायचा. आता सर्व्हर प्रोग्रॅमच्याच पोटात असतो, इतर भागांसारखाच एक भाग. मग फ्रेमवर्कनं त्याला घडवला की त्यानं लगेच दार उघडावं, निरोप घ्यावेत, उत्तरं द्यावीत. जन्माला आलाय तर रडू दे की! बाहेरून कुणी "आता ऊठ" म्हणायची वाट कशाला बघायची? विसरायची एक गोष्ट तरी कमी होईल.

तुझं म्हणणं, घडवण्याच्या कामात कुणी काही सुरू करायचं नाही. प्रत्येकाच्या हातात ज्याचं त्याचं पडू दे, सगळी जोडणी संपू दे, मग सर्वांत शेवटच्या ओळीत, बाहेरून, एकदाच सांगायचं: हो चालू. आणि तेही माणसानं बटण दाबल्यावर. मी तुला जुनाट म्हणायचे. तू मला उतावळी म्हणायचीस. "सांगोल्याची शेळी. दार उघडायच्या आधीच भायेर," म्हणून हसायचीस आणि तुझ्या डब्यातली शेंगाचटणी माझ्या भाकरीवर ठेवायचीस. चटणी ठेवली म्हणजे भांडण उद्यावर गेलं, हे आपलं ठरलेलं होतं.

तुझ्या हट्टाचं मूळ मला बऱ्याच दिवसांनी समजलं, तेही तू सांगितलं म्हणून नाही. साखर पेठेत तुझ्या घरी जेवायला आले होते आणि लाईट गेली. आता तुमच्या घरात माग नाहीत, पुढच्या खोलीत तुझ्या भावानं दुकान काढलंय. पण अंधार झाला तशी तू ताटावरून उठून दोन पावलं पुढच्या खोलीकडे गेलीस, थांबलीस, आणि ओशाळून परत आलीस. अम्मा तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि तुम्ही दोघी हसलात. मग अम्मानंच मला सांगितलं. लहानपणी घरात माग होते तेव्हा लाईट गेली की पळत जाऊन सगळ्या मागांची हँडलं पाडायची, हे तुझं काम होतं. हँडल वर राहिलं आणि लाईट परत आली तर माग स्वतःच्या मनानं चालू होतो. तोवर कुणी तुटलेला धागा जोडत असतं, कुणी खाली वाकलेलं असतं. "खेळ असू दे, जेवण असू दे, आधी हँडल," अम्मा म्हणाली. "ही कधी चुकली न्हाई. एकदा आंघोळीतनं तशीच पळाली, ओली."

आणि लाईट आली की तुझे वडील, नान्ना, खोलीच्या दारात उभे राहून विचारायचे, "हात भायेर?" सगळे एका आवाजात म्हणायचे, "भायेर!" मगच ज्याचा तो माणूस ज्याचा त्याचा माग चालू करायचा. घरात तेलुगू, पण कामाला माणसं सगळीकडची, म्हणून एवढं मराठीत. त्या घरात कुणाचं बोटसुद्धा कधी गेलं नाही, हे अम्मानं मला हळदीकुंकवाच्या ताटातली अक्षत दाखवावी इतक्या सहज सांगितलं.

मग मला आपल्या ऑफिसातल्या रिवाजाचा उलगडा झाला. नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा सुरू करताना तू बोट बटणावर ठेवायचीस आणि माझ्याकडे न बघता विचारायचीस, "हात बाहेर?" मी कुठेही असले, फोनवर, पाणी पिताना, तरी म्हणायचं, "बाहेर." नाही म्हटलं तर तू खरंच दाबायची नाहीस. एकदा मी मुद्दाम गप्प बसले तर तू तशीच बोट धरून बसलीस आणि मला हसू फुटलं. मला तो तुझा नखरा वाटायचा. नखरा म्हणून मला तो आवडायचाही.

आता शेठच्या कामाचं. तू गेलीस त्याच्या थोडं आधी आपण तो बोर्ड बसवला, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. प्रत्येक मागाला एक छोटी पेटी. मागाला वीज असली की बोर्डावर त्याचा नंबर हिरवा, नसली की लाल. आणि मागाहून तू जोडलेलं कुलूप: माग दुरुस्तीला लावला की बोर्डावरून त्याला कुलूप घालायचं, म्हणजे त्याच्या मोटरीला वीजच जायची नाही. पेटी सर्व्हरला विचारणार, "वीज सोडू का?" आणि सर्व्हर कुलपांची यादी बघून हो किंवा नाही म्हणणार. सर्व्हरचं उत्तर आलं नाही तर पेटी गप्प, माग गप्प. कुलपाची कल्पना तुझीच. तिचं मला खूप कौतुक होतं आणि ते मी तुला नीट बोलून दाखवलं नाही. तुझ्यापुढे कौतुक करायला लागलं की तू "बास बास, काम कर," म्हणायचीस आणि माझंही फावायचं.

पण लाईट गेली की कंप्युटरही जायचा. यूपीएसची बॅटरी शेठ बदलू बदलू म्हणत राहिले. लाईट आल्यावर प्रोग्रॅम परत उभा राहायचा, सगळी जोडणी करायचा आणि तुझ्या नियमाप्रमाणे थांबायचा. ऑफिसात बसलेल्या कारकुनानं बटण दाबायचं. तो चहाला गेलेला असला की अख्खा कारखाना त्याच्या कटिंगची वाट बघत उभा.

शेठ चिडले. "अक्का, हे काय चाललंय? लाईट आली तरी माग उभे. लोक हसायलेत मला. आपोआप चालू करा की ते."

तू म्हणालीस, "शेठ, कारकुनाला चहा आत मागवा."

परत येताना मी तुला धरलं. आपण स्कूटीवर होतो, ऊन मी म्हणत होतं, आणि मी मागून तुझ्या कानात ओरडत होते. शेठचं बरोबर आहे. लोकांचा रोज बुडतोय. तुझ्या हट्टापायी माणसं बसून राहतात. तू स्कूटी चालवतच राहिलीस, तेव्हा मी म्हटलं, "अक्का, तुझ्या घरचे माग केव्हाच विकले. कंप्युटरमध्ये कुणाचा हात अडकत नाही."

तू स्कूटी बाजूला घेतलीस. मला वाटलं, आता ऐकवणार. तू चष्मा काढलास, कपाळ दोन्ही बाजूंनी दाबलंस आणि म्हणालीस, "नंबर वाढलाय वाटतं. डोकं लई ठणकतंय." मग पुन्हा स्कूटी चालू केलीस. त्या दिवशी चटणी नव्हती. भांडण उद्यावर गेलंच नाही, ते तिथेच रस्त्याच्या कडेला राहिलं.

मधला मार्ग होता, अक्का. तुलाही माहीत होता, मलाही. पण भांडताना मधला मार्ग कुणाला हवा असतो? तो बोलून दाखवला की भांडण संपतं, आणि आपल्या भांडणाची आपल्याला सवय झाली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात तू गेलीस. सकाळी देवपूजा करताना खाली बसलीस ती उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त साकळलं, डोकेदुखी होती त्याच वेळी दाखवायला हवं होतं. तुझा भाऊ माझ्याकडे बघत होता. रोज आठ तास तुझ्या शेजारी बसणारी मी, मला काय माहीत होतं? चष्म्याचा नंबर. मी तर तुला चांगला चष्मेवाला सुचवला होता.

तुझे दिवस झाले. ऑफिसात मी कामाला बसले. शेठचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पुन्हा तीच तक्रार. उलट शेठ तुझं कौतुक करत होते. "अक्का जाता जाता काम करून गेली बघा. आता लाईट आली की बोर्ड आपोआप चालू होतोय. जायच्या दोनच दिवस आधी येऊन टाकून गेली ती. तुम्हाला बोलली न्हाई?"

नाही बोललीस. मी फोनवर "हो, हो" म्हटलं. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? अक्कानं माझं ऐकलं. मी दुपारीच कारखान्यात जायला निघाले. म्हटलं, बघूया तरी कसं केलंय तिनं.

मी पोचले तेव्हा लाईट गेलेली होती. कारखाना शांत, दारात माणसं वारा घेत उभी. चौदा नंबरच्या मागाखाली जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, इस्माईलभाई आडवे झाले होते. बाहेर फक्त त्यांचे पाय. त्या मागाला बोर्डावरून कुलूप होतं, म्हणून ते निवांत. चाक हातानं फिरवून बघायचं म्हणून त्यांनी हँडलही वरच ठेवायला सांगितलं होतं. मी त्यांच्या पायांशी बोलत होते. ते खालून विचारत होते, "ताई, अक्का के घर में सब ठीक?"

आणि लाईट आली.

बोर्ड लगेच उजळला. सगळे नंबर हिरवे, एकामागून एक. मी बोर्डाकडे बघत होते, हरखून. तेवढ्यात माझ्या पायाशी चौदा नंबरची मोटर घोंघावली. कुलूप असलेल्या मागाची मोटर. इस्माईलभाईंचे पाय एकदम आखडले. माग मात्र हलला नाही. हँडल खाली होतं.

ते खाली कुणी केलं? महादेवनं. चौदा नंबरसकट त्या रांगेतले माग तोच चालवतो, अक्कलकोटच्या अलीकडच्या गावातून रोज बाइकवर येतो. लाईट गेली तसं त्यानं दारात वाऱ्याला जायच्या आधी आपल्या रांगेतली सगळी हँडलं पाडली होती, इस्माईलभाईंचंसुद्धा, त्यांना न सांगता.

इस्माईलभाई बाहेर आले, बनियनवर तेल, तोंडावर रंग नाही. आधी त्यांनी महादेवला शिवी घातली, हँडल का पाडलंस म्हणून. मग त्यांना उमगलं आणि ते खाली बसले. "आधा अंदर था मैं," एवढंच म्हणाले.

"लाईट गेल्यावर हात जातोच की वो हँडलवर," महादेव म्हणाला. "त्यात काय."

शेठ धावत आले. "काय झालं, काय झालं? कुलूप तर होतं!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "बघते," आणि ऑफिसात जाऊन कंप्युटरपुढे बसले. पासवर्ड दोनदा चुकला.

ती ओळ सापडायला वेळ लागला नाही. शेवटच्या ओळीतून 'चालू कर' काढलेलं. बटण काढलेलं. आणि सर्व्हर जिथे घडतो तिथेच, त्याच्या जन्माच्या जागी, त्याला सांगितलेलं: हो चालू. अगदी मी वर्षानुवर्षं म्हणत होते तसं, माझ्याच शब्दांत. सर्व्हर जन्मला, त्यानं दार उघडलं. पेट्यांनी विचारलं, वीज सोडू का? आणि कुलपांची यादी अजून त्याच्या हातात पडायचीच होती. जोडणी चालू होती. त्याच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून त्याला कुठेच कुलूप दिसलं नाही. तो म्हणाला, सोड.

अक्का, हे तू केलंस. तू! मी केलं असतं तर समजलं असतं. उतावळी शेळी, दार उघडायच्या आधी बाहेर. पण आंघोळीतून ओली पळत जाऊन हँडल पाडणारी तू, "हात बाहेर?" विचारल्याशिवाय हिशोबाचा साधा प्रोग्रॅमही न चालवणारी तू, तुला ही ओळ लिहिताना दिसलं नाही? माझ्या डोळ्यांसमोर इस्माईलभाईंचे पाय अजून आखडतात. त्यांना काही झालं असतं तर तुला काय, तू सुटलीस. मला इथे राहायचं होतं.

हे लिहिलं आणि खोडलं. मग परत लिहिलं. तुझ्याशी खोडून बोलायची सवय नाही मला.

शेठनी विचारलं, "कुणाची चूक?" मी म्हटलं, "आमच्या प्रोग्रॅमची." ते तुझं नाव घेणार तेवढ्यात मी म्हटलं, "उद्या दुरुस्त करून देते. तोवर कुलूप लावून कुणी मागाखाली जायचं नाही, मेन बंद करा." तुझं नाव मी तिथे घेऊ दिलं नाही. ते बरोबर केलं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, कारण इस्माईलभाईंना खरं कळायचा हक्क होताच. निघताना मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी बराच वेळ मान हलवली आणि म्हणाले, "हौ. उसका सर दुखता था ना. बोर्ड का काम करने आयी तब यहीं बैठी थी, सर पकड़ के."

तिथून मी तुझ्या घरी गेले. फोटोपुढे हात जोडले नाहीत ते तेव्हा. अम्मा स्वयंपाकघरात होती. मी तिला बाकी काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं, शेवटच्या दिवसांत अक्का घरी काम करायची का?

"करायची की," अम्मा म्हणाली. "टॉवेल भिजवून डोक्याला बांधायची आन बसायची कंप्युटरपुढं. मी ओरडले, झोप म्हणले. ती ऐकली न्हाई."

"काय करत होती?"

अम्मानं गॅस बारीक केला. "मी पण इचारले. काय करायलीस एवढं? तर म्हणली, भांडण मिटवायलीय."

मग मला पुळिहोरा, तुमचा चिंचेचा भात, वाढला आणि मी तो खाल्ला. काय करणार, तिनं वाढला होता.

भांडण मिटवायलीय. तेव्हापासून हे दोन शब्द माझी पाठ सोडत नाहीत. तू माझं खरंच मानलंस? की रस्त्याच्या कडेला मी जे बोलले ते तुला लागलं, आणि तू म्हणालीस, घे बाई, तुझंच खरं? की तू काही मानलं नव्हतंस, फक्त डोकं ठणकत होतं आणि ओल्या टॉवेलखाली तुला ती ओळ नीट दिसत नव्हती? तू प्रेमानं हरलीस की आजारानं हरलीस, हे मला कधीच कळणार नाही. दोन्ही उत्तरं मला नको आहेत. पहिलं खरं असेल तर माझ्यासाठी तू आयुष्यात एकदाच चुकलीस. दुसरं खरं असेल तर तू मरत होतीस आणि मी शेजारी बसून चष्मेवाला सुचवत होते.

आणि तरी, अक्का, एवढ्या डोकेदुखीत तुला मिटवावंसं वाटलं ते आपलं भांडण. घरदार, दवाखाना, काही नाही. आपलं भांडण. याबद्दल तुझे आभार मानावेत असं मनात येतं आणि दुसऱ्या क्षणाला तुला धरून हलवावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी तुझी ओळ काढली. तुझी म्हणजे माझीच. ती निवडून काढताना बोट अडलं, कारण तू मला 'हो' म्हणालीस याचा पुरावा जगात तेवढाच होता. पण इस्माईलभाई पुन्हा त्या मागाखाली जाणार होते. काढली. 'चालू कर' परत सगळ्यात शेवटी नेलं, जोडणीच्या बाहेर. बटणही परत आणलं. फक्त ते ऑफिसातून हलवून बोर्डाखाली लावलं, मागांच्या मध्ये, जिथून सगळे माग दिसतात. कारकून चहाला जावो नाहीतर जेवायला. ज्यांचे हात आहेत त्यांनीच दाबायचं. हाच तो मधला मार्ग, जो आपण दोघींनी एवढी वर्षं तोंडातून काढला नाही.

शेठ म्हणाले, "म्हणजे परत दाबायचंच का?"

"व्हय शेठ. दाबायचंच."

मी मेन बंद करायला सांगितलं, बघायला. खडखडाट थांबला. महादेवनं रांगेतून चालत हँडलं पाडली. लाईट परत दिली. कंप्युटर उठला, जोडणी झाली, सगळ्यांना सगळं मिळालं. आणि बोर्ड उजळला नाही. त्याच्यावर मी रात्री घातलेले दोनच शब्द आले, मोठे, पिवळे: हात बाहेर?

बटणाजवळ इस्माईलभाई उभे होते. त्यांनी ते वाचले, वळले आणि कारखान्यावरून हाक दिल्यासारखं विचारलं, "हात भायेर?"

कुणाला उत्तर ठाऊक नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणि माझ्या तोंडातून, सवयीनं, मोठ्यानं निघालं, "बाहेर!"

त्यांनी बटण दाबलं. एकेक माग चालू झाला, ज्यानं त्यानं आपला. चौदा नंबर लालच राहिला, कुलूप घातलेला.

मी तिथेच उभी होते. आवाजात कुणाला कळत नव्हतं, म्हणून तुझ्याशी बोलले तरी चालणार होतं. तू मिटवायला म्हणून माझ्या बाजूला आलीस, अक्का, आणि मी तुझ्या बाजूला गेले. म्हणजे अजून आपण समोरासमोरच. फक्त आता चटणी कुणी ठेवायची, ते सांग.